गावच्या घराचं काम काढलंय, कॉन्ट्रॅक्टर विश्वासू आहे हे ओळखायचं कसं?

पडवीकर
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज गरज पडली म्हणून लिहितोय. राजापूर तालुक्यात आमचं आजोबांनी बांधलेलं घर आहे. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, मागची पडवी नंतर काकांनी जोडलेली. मे महिन्यात कौलं परतून घ्यायची आणि जूनमध्ये बादल्या लावायच्या असं चाललंय. या दिवाळीला गेलो तर माजघरावरचा एक वासा नुसत्या अंगठ्याने दाबला तर आत गेला, पीठ झालंय, वाळवी. मग ठरवलं की एकदाच छप्पर पूर्ण उतरवायचं, लागतील ते वासे-रिपा बदलायच्या आणि मागच्या पडवीत संडास-बाथरूम काढायचं, कारण बाबा ७४ चे आहेत आणि रात्री बॅटरी घेऊन अंगण ओलांडून जातात.

मी पुण्यात. महिन्यातून एखादा शनिवार-रविवार जमेल. तीन जण बघून गेले. पहिल्याने अंगणात उभं राहूनच ३ लाख ८० हजार सांगितले, ६० टक्के आधी. दुसऱ्याने लेटरहेडवर ६ लाख ४० हजार दिलेत, ४० टक्के आधी. तिसरा एक म्हातारा सुतार, त्याने आकडाच दिला नाही, "बघून सांगतो" म्हणाला तो अजून सांगतोय. पहिला आमच्या वाडीतल्या एकाचा मेव्हणा. बाबांचं म्हणणं आपला माणूस आहे, फसवायचा नाही. तो म्हणतो शिमग्यापर्यंत काम पूर्ण करून देतो. काय करू?

टवाळ
कुठल्या वर्षीचा शिमगा ते लिहून घ्या.

रानमांजर
टवाळ 😂 शिमगा तर होणारच आहे, प्रश्न फक्त कोण कोणाच्या नावाने करणार एवढाच.

मुक्ता_ठाणे
पडवीकर, "आपला माणूस" हा शब्द ऐकला की मला अजून घाम फुटतो. ठाण्यातल्या फ्लॅटची दोन बाथरूम आम्ही नवऱ्याच्या मित्राच्या भावाला दिली. माणूस वाईट नाही हो, गोड बोलणारा, घरी आला की सासूबाईंच्या पाया पडायचा. पण लादी बसवली त्याचा ढाळ जाळीकडे यायच्या ऐवजी दाराकडे. आंघोळ झाली की पाणी पॅसेजमध्ये. सांगितलं तर म्हणे वहिनी, वायपर मारायचा. तीन महिन्यांनी खालच्या काकूंच्या छताला ओल, मग सगळं फोडलं आणि दुसऱ्याकडून करून घेतलं. तिऱ्हाईत असता तर मी पैसे अडवले असते, भांडले असते, त्याला परत बोलावून करायला लावलं असतं. इथे काय, महिन्याभराने त्याच्याच पुतणीच्या लग्नात शेजारी बसून जिलेबी खाल्ली.

आणि एक, मी रोज साइटवर उभी असायचे, सगळे हिशेब माझ्याकडे, पण लादीवाला शेवटपर्यंत म्हणायचा "साहेबांना विचारून सांगतो". साहेबांना ढाळ म्हणजे काय ते अजून माहीत नाही.

साहेब_ठाणे
माहीत आहे. पाणी जिकडे जाऊ नये तिकडे जातं तो ढाळ.

मुक्ता_ठाणे
हे इथे पण आले!

कोल्हापुरी_चटका
माझा सल्ला सरळ, मटेरियल स्वतः घ्या आणि फक्त मजुरी त्याला द्या. मटेरियलसकट दिलं की तो सिमेंटमध्ये खाणार, सळईत खाणार, वाळूत खाणार. मी बंगल्याला असंच केलं, दोन लाख तरी वाचले.

चिरेबंदी
चटकाराव, तुम्ही कोल्हापुरात राहून कोल्हापुरात बांधलंत. पडवीकर पुण्यात बसून राजापुरात सिमेंट कसं उतरवून घेणार? मी केलाय तो प्रकार. मटेरियल माझं म्हटल्यावर गवंड्याला काही सोयरसुतकच नसतं, उरलेला माल संध्याकाळी तसाच टाकून जायचे, सकाळी त्याचा दगड. ८० पोती लागतील म्हणाले होते, ११० गेली. शेवटी मी रिकामी पोती मोजायला लागलो तर ती ९९ भरली. बाकीची ११ भरलेलीच कुठे गेली ते ग्रामदेवतेला माहीत.

ओळंबा
सिव्हिलमध्ये २६ वर्षं काढली आहेत, बहुतेक सरकारी कामं. सल्ला नंतर देतो, आधी एक प्रश्न. तिघांपैकी माळ्यावर चढून वासे कोणी कोणी बघितले?

पडवीकर
पहिला नाही. दुसऱ्याने लेझरच्या मीटरने खोल्या मोजल्या, फोटो काढले, पण वर नाही चढला. तिसऱ्याने शिडी मागितली होती. पटाशी घेऊन वर गेला आणि पाऊण तास एकेक वासा टोचत बसला होता. मला खरं सांगायचं तर वैताग आला होता, परतीची गाडी होती. खाली आला आणि नुसतं म्हणाला "आढं चांगला हा, फणसाचा हा, त्येका हात लावू नको."

ओळंबा
मग बाकीच्या दोघांचे आकडे कशाचे आहेत? जुन्या छपरात किती वासे गेलेत हे टोचल्याशिवाय देवालाही कळत नाही. ३ लाख ८० हजारवाला अंदाजाने बोलला, काम उघडलं की "साहेब हे पण खराब निघालं" सुरू होणार. लेटरहेडवाल्याने सगळंच नवीन धरलं असणार. त्याच्या कागदावर लाकूड किती घनफूट लिहिलंय बघा.

पडवीकर
लाकूड नाहीच! "जुने छप्पर काढून एमएस पाइपचे फॅब्रिकेशन करणे" असं आहे, म्हणजे लोखंडी पाइपचा सांगाडा. हे मी वाचलं होतं पण डोक्यात शिरलं नव्हतं. म्हणजे तो फणसाचं आढं, छपराचा मधला मुख्य वासा, तो पण काढणार??

चिरेबंदी
काढणार आणि घेऊनही जाणार. "जुनं सामान आम्ही उचलतो" असं एक वाक्य खाली असेल, वाचा.

पडवीकर
आहे. शेवटून दुसरी ओळ. 🙏

खडी_वाळू
वाचत होतो, आता राहवत नाही म्हणून लिहितो. मी स्वतः कॉन्ट्रॅक्टर आहे, संगमेश्वरकडची छोटी कामं घेतो. इथे सगळ्यांनी आम्हाला चोर ठरवलंय तर दुसरी बाजू पण ऐका. ६० टक्के मागणं चूक आहे हे मान्य, पण काहीच न घेता काम सुरू होत नाही. मजूर बाहेरून येतात, कोणी कर्नाटकातून कोणी नेपाळचे, त्यांना आणायला मुकादमाला उचल द्यावी लागते, ती बुडाली तर माझी. चिरे, वाळू रोखीने. घरमालक म्हणतो आधी काम दाखवा. दाखवलं. मग "आता एवढं करताच आहात तर तुळशीवृंदावन पण करून टाका", "तो ओटा दोन फूट वाढवा", "हिची बहीण म्हणाली खिडकी इकडे बरी". हे सगळं तोंडी. बिलात लावलं की म्हणणार हे कधी ठरलं होतं. शेवटचे १० टक्के तर मला चारपैकी एका कामात मिळतात. बाकीचे तीन साहेब वास्तुशांतीला जेवायला बोलावतात आणि नंतर फोन उचलत नाहीत. मग मी तो १० टक्के आधीच रेटमध्ये धरतो. म्हणजे बुडवणाऱ्याचे पैसे देणाऱ्याकडून जातात.

रानमांजर
खडी_वाळू, मुद्दा पटला. तुळशीवृंदावन आमच्याकडेही झालं होतं.

ओळंबा
खडी_वाळू बरोबर बोलतायत, यात भर एवढीच की मोजमापाची पद्धत आधी ठरत नाही, भांडण तिथे होतं. प्लास्टर स्क्वेअर फुटावर ठरलं तर दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही? आयएस १२०० या मोजमापाच्या भारतीय मानकात नियम आहे, अर्धा चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करत नाहीत, त्यापुढे ३ चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूचं वजा होतं, कारण दुसऱ्या बाजूच्या बदल्यात कडांचं प्लास्टर फुकट होतं. गावात हे कोणी वापरत नाही, पण "भोकं वजा की बिनवजा" एवढे चार शब्द कागदावर असले तरी पुरतात.

वाळूचं तसंच. ब्रास म्हणजे १०० घनफूट. डंपर आला की आत टेप टाका, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले १००. उंची नुसती कडेला नाही, मध्ये आणि चार कोपऱ्यांत घ्या, मध्ये खड्डा असतो. १० बाय ६ चा हौदा आणि सरासरी ३ फूट भरलं असेल तर १.८ ब्रास होतं, पावती २ ची येते. सळईला तर वजनकाटाही नको, जाडीचा वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचे किलो. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साधारण १० किलो ६७० ग्रॅम भरायला हवी.

टवाळ
ओळंबा सर, तुमच्या घरी भाजीवाला येतो का हो अजून?

ओळंबा
येतो. पण बायकोलाच बोलाव म्हणतो.

सानहोजेकर
इकडचा एक संदर्भ देतो, कंटाळा येत असेल तर पुढे जा. कॅलिफोर्नियात घरदुरुस्तीच्या कामाला कॉन्ट्रॅक्टर आधी घेऊ शकतो ते जास्तीत जास्त १० टक्के किंवा १००० डॉलर, जे कमी असेल ते. कायदाच आहे. लायसन्स नंबर ऑनलाइन तपासता येतो. तरीही इथले लोक फसतात हा भाग वेगळा.

पण माझी खरी फसवणूक गावाकडेच झाली. चिपळूणजवळ आईसाठी स्वयंपाकघर वाढवत होतो, मी इथून व्हॉट्सॲपवर फोटो बघून पैसे पाठवायचो. जोत्यापर्यंत आलं, फोटो, पैसे. लिंटेलपर्यंत (दारा-खिडक्यांवरची पट्टी) आलं, फोटो, पैसे. मग चुलतभाऊ सहज गेला तर लिंटेलच्या वर एक चिरा नाही आणि माझ्याकडे स्लॅबच्या सेंट्रिंगचे फोटो! तो फोटो शेजारच्या गावातल्या कुठल्यातरी बंगल्याचा होता. मागे नारळाची झाडं आहेत ना, मग आपलंच असं मी धरून चाललो. कोकणात कुठल्या घरामागे नारळ नसतो?

आज्जी_दापोली
अरे पैसे पाठवायच्या आधी आईला विचारायचंस ना, ती तिथेच राहते ना त्या घरात?

सानहोजेकर
विचारलं होतं. आई म्हणायची मुलं चांगली आहेत, दोन वेळा चहा देते त्यांना.

आज्जी_दापोली
हां, मग झालं. 🙂 पण चहा द्यावाच. आमच्याकडे मिस्त्री म्हणायचा, आजी ज्या घरी चहा नाही त्या घरचा कोपरा काटकोनात येत नाही.

हर्णैचा_वारा
छपराचा विषय आहे म्हणून. पडवीकर, पाइप आणि पत्रा हा पर्याय एकदम उडवून लावू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या आळीत कौलं पत्त्यांसारखी गेली. नंतर कित्येक आठवडे कौल मिळेना, पत्रा मिळेना, ताडपत्रीला सोन्याचा भाव. बाहेरून टोळ्या आल्या छपरं घालून देतो म्हणत, आमच्याकडून २५ हजार उचलून एक जण गेला तो आजतागायत. त्यात आता माकडं. कौलावर उड्या मारून रोज दोन-चार फोडतात. शेवटी आम्ही कंटाळून पत्रा केला.

चिरेबंदी
आणि एप्रिलमध्ये दुपारी त्या पत्र्याखाली बसता का?

हर्णैचा_वारा
खाली थर्माकोलचं सीलिंग केलंय.

चिरेबंदी
म्हणजे गारव्याचे पैसे वेगळे दिलेत. वादळात पत्रापण उडाला होता की, आणि कौल पडलं तर पायाशी पडतं, पत्रा उडाला तर शेजारच्या गावात कोणाची मान घेऊन जातो. माझं म्हणणं पत्रा वाईट असं नाही, पण जुना माळा, मातीचा गिलावा, चिऱ्याची भिंत हे सगळं कौलाबरोबर श्वास घेतं.

रानमांजर
घर श्वास घेतं, माकडं कौलं घेतात.

कोल्हापुरी_चटका
विषय कॉन्ट्रॅक्टरचा होता.

हर्णैचा_वारा
एवढं सांगून गप्प बसतो, लोखंडी पाइपवर कौलं हा मधला मार्ग पण आहे. वाळवीची कटकट नाही. पण समुद्राजवळ असाल तर पाइपला गंज, रंग दर दोन-तीन वर्षांनी. फणसाचं आढं शाबूत असेल तर मी तरी तोडलं नसतं.

काळा_कोट_गोरा_चेहरा
कायद्याचं थोडक्यात. घरबांधणी ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवा धरलेली आहे, काम निकृष्ट झालं तर दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगात जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. महारेराचा इथे संबंध नाही, ते बिल्डरकडून फ्लॅट घेतलेल्यांसाठी, लोक उगाच मिसळतात. पण आयोगात पहिला प्रश्न येतो, करार कुठे आणि पैसे कसे दिले. आणि अशील सांगतो, रोख दिले, पिशवीत.

मुक्ता_ठाणे
आम्ही पण. पिशवीतच. 😔

खडी_वाळू
कागद आम्हालाही हवा असतो हो. स्टॅम्प पेपरसाठी अडून बसू नका, वहीच्या पानावर लिहा पण दोघांच्या सह्या घ्या. पडवीकर, तुमच्या कामाचे टप्पे मी सांगतो. कौलं उतरवून, लाकूड उघडं पडलं की थांबायचं. तिथे तुम्ही स्वतः हजर पाहिजे, ती रजा वाचवू नका. कुठला वासा ठेवायचा कुठला काढायचा खडूने खुणा, मग लाकडाचा आकडा फायनल. त्याआधी कोणीही पक्का आकडा देतो म्हणाला तर तो तुम्हाला नाहीतर स्वतःला फसवतोय. नंतर वासे-रिपा चढल्यावर एक हप्ता, कौलं बसल्यावर एक. बाथरूमचा हिशेब पूर्ण वेगळा ठेवा, त्याचा मिस्त्री पण वेगळा. सुतार चांगला म्हणून त्याला संडास देऊ नका.

आणि बाथरूमची लादी लावायच्या आधी वॉटरप्रूफिंगवर ४८ तास पाणी भरून ठेवा. त्या ४८ तासांत गवंड्याला दुसऱ्या कामावर जाऊ दे, तो रागावणार नाही, त्याला पण तेच हवं असतं.

ओळंबा
शंभर टक्के. फक्त बाथरूमवर छोटा स्लॅब टाकणार असाल तर क्युरिंगचा, म्हणजे पाणी मारायचा माणूस ठरवा. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान १० दिवस, ऊन कडक असेल तर १४. बाबांना सांगू नका, ते स्वतः बादल्या उचलतील.

पडवीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. ओळंबा, तुम्ही बाबांना ओळखता का? काल फोनवर हेच म्हणाले, पाणी मी मारीन.

तिसऱ्या मिस्त्रीला शेवटी फोन केला. म्हटलं तुम्ही आकडा कळवणार होतात. म्हणाला, "मी वाट बघत होतय तुम्ही फोन करशात म्हणून." त्याच्याकडे वहीत सगळं लिहिलेलं होतं! ४६ वाशांपैकी १७ जाणार, रिपा सगळ्या नवीन, भाल (भिंतीवरचं आडवं लाकूड) एका बाजूची, आढं तसंच. लाकूड किंजळीचं, मी वखारीत येऊन बघायचं. मजुरी रोजावर नाही, अंगावर, म्हणजे पूर्ण कामाची ठोक. आगाऊ १५ हजार मागितले, कौलं उतरवायच्या माणसांसाठी. संडास-बाथरूमचं विचारलं तर म्हणाला "त्या मी करूचा नाय."

टवाळ
खडी_वाळू, हा तुमचा माणूस तर नाही ना?

खडी_वाळू
नाही हो. पण कळलं कोण असेल. त्याला बोलायला लावावं लागतं, लिहायला नाही.

मुक्ता_ठाणे
आणि वाडीतल्या मेव्हण्याचं काय? त्याला नाही कसं सांगणार? मला त्यातच रस आहे.

पडवीकर
ते बाबांवर सोपवलंय. बाबांनी त्याला सांगितलं मुलगा ऐकत नाही. आता वाडीत मी वाईट.

आज्जी_दापोली
चालतंय. मुलं त्यासाठीच असतात.

पडवीकर
(अडीच महिन्यांनी धागा वर काढतोय, राग नसावा)
छप्पर झालं. वहीतले १७ वासे उघडल्यावर १९ निघाले, दोन भिंतीतल्या टोकाला कुजलेले होते, ते वरून टोचून कळणारे नव्हते. वाढीव पैसे त्याने मागितले, मी दिले, त्याआधी त्याने ती दोन टोकं मला हातात दिली. एक गडबड झाली, ठरलेल्या दिवशी दोन वेळा आलाच नाही, एकदा सोयरिकीला आणि एकदा शिमग्याची पालखी. त्या दहा दिवसांत आभाळ भरून आलं होतं आणि आम्ही ताडपत्रीखाली झोपलो, आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चटकाराव, लाकूड मी स्वतः घेतलं, उरलेले तुकडे मोजून माळ्यावर ठेवलेत.

बाथरूम अजून व्हायचंय. त्यासाठी तिघं बघून गेलेत. एकानेही मोरीचं पाणी सध्या कुठे जातं हे विचारलं नाही.

ओळंबा
मग चौथा बघा.

टवाळ
शिमगा झाला का पण?

पडवीकर
झाला. घरात. आई आणि सुताराचा.